मोडलेलं हाड आणि दवाखान्यापर्यंतची वाट



आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसानं हाडं मोडण्यावर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. आमच्या नावामागे ‘डॉ.’ लागतं ते प्रबंधामुळे, नाडी बघता येते म्हणून नव्हे. (हशा) पण एक प्रश्न आम्हाला बरीच वर्षं सतावतो आहे आणि तो इतिहासाचा जेवढा आहे तेवढाच विचारपद्धतीचाही आहे. माणसाला मोडलेलं हाड बसवता येतं, बांधता येतं, ही विद्या हजारो वर्षांची आहे. मग अगदी कालपरवापर्यंत नुसती मांडी मोडली म्हणून धडधाकट माणसं का मरत होती? विद्या होती, वैद्य होते, तरी माणूस कुठे मरत होता? आज याच प्रश्नाचा माग काढू या.

सुरुवात एका गोष्टीपासून करू. ती तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनवर केव्हा ना केव्हा येऊन गेली असेल. मार्गारेट मीड या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना कुणीतरी विचारलं, संस्कृतीची पहिली खूण कोणती? त्या म्हणाल्या, मोडून पुन्हा जुळलेलं मांडीचं हाड. कारण जंगलात मांडी मोडली की प्राणी मरतो. हाड जुळलं याचा अर्थ कुणीतरी त्याच्याजवळ थांबलं. गोष्ट सुंदर आहे. पण मीडबाईंच्या लिखाणात तिला आधार सापडलेला नाही. ती प्रसिद्ध झाली ती मुख्यतः पॉल ब्रँड यांच्यामुळे. हे तेच ब्रँड, ज्यांनी वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा कामाला लावलं. १९८० साली निघालेल्या एका पुस्तकात त्यांनी ही आठवण सांगितली आणि पुढे ती पसरत गेली.

आधाराचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी गोष्टीतलं शास्त्र टिकतं का? अडॉल्फ शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं गेल्या शतकात रानटी गिबन माकडांचे सांगाडे तपासले. हे प्राणी झाडावरून झाडावर झेपावतात, त्यामुळे पडतातही. प्रौढ गिबनांपैकी सुमारे एक तृतीयांश सांगाड्यांत मोडून जुळलेली हाडं सापडली. त्यांना कुणी फळ्या बांधल्या होत्या? कुणीच नाही.

यातून निघणारी पहिली गोष्ट आज शेवटपर्यंत लक्षात ठेवायची आहे. हाड आपोआप जुळतं. मोडलेल्या जागी रक्त गोठतं, त्यात मऊ ऊतक तयार होतं, मग चुना साचून ते घट्ट होतं. हे काम शरीर करतं. वैद्य करत नाही, सर्जनही करत नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत. हाड सरळ रेषेत ठेवणं आणि जुळेपर्यंत ते हलू न देणं. म्हणजे या शास्त्राचा अर्धा भाग करण्याचा आहे आणि अर्धा न करण्याचा. गीतेच्या चौथ्या अध्यायात अकर्मात कर्म पाहणाऱ्याला बुद्धिमान म्हटलं आहे. त्याचं इतकं रोकडं उदाहरण दुसरं मिळणार नाही.

आता ही गोष्ट प्राचीनांना माहीत होती का? होती, आणि चांगलीच माहीत होती. १९०८ साली ग्राफ्टन इलियट स्मिथ यांनी इजिप्तमधल्या उत्खननात मिळालेल्या दोन देहांबद्दल लिहिलं. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे देह. त्यातली एक मुलगी चौदाएक वर्षांची होती. तिची मांडी मध्यावर मोडली होती आणि तिच्याभोवती कापडात गुंडाळलेल्या लाकडी पट्ट्या बांधलेल्या होत्या. पट्ट्या शाबूत, गाठी शाबूत. पण हाड जुळण्याची खूण मात्र नाही. म्हणजे पट्ट्या बांधल्यावर लवकरच ती गेली. कुणीतरी तिच्यासाठी जे जे ठाऊक होतं ते सगळं केलं होतं, आणि तरी ती वाचली नाही.

आपल्याकडे सुश्रुतसंहिता घ्या. तिच्या निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात भग्नावर स्वतंत्र अध्याय आहेत. सांधा निखळण्याचे सहा प्रकार, हाड मोडण्याचे बारा. बांधायच्या पट्ट्यांना तिथे ‘कुश’ म्हटलं आहे. त्या कशाच्या करायच्या? मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबू. पट्टी कितीदा सोडून बांधायची? थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच, उन्हाळ्यात तीन. सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही, फार आवळली तर सूज, ठणका आणि पू. हाड जुळायला कोवळ्या वयात एक महिना, मध्यम वयात दुप्पट, उतारवयात तिप्पट. आमच्या वयाचे जे इथे बसलेत त्यांनी हा हिशेब मनावर घ्यावा. (हशा)

आणि मांडी किंवा नडगी मोडली असेल तर सुश्रुत सांगतो ‘कपाटशयन’. कपाट म्हणजे दाराची फळी. रोग्याला फळीवर निजवायचं आणि पाच ठिकाणी खुंट्या मारून पाय असा बांधायचा की मोडलेली जागा हलता कामा नये. ही फळी लक्षात ठेवा. ती पुन्हा भेटणार आहे.

ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांतही मोडलेल्या हाडांवर वेगळं पुस्तक आहे. पट्टी कुठून सुरू करायची, किती दाब द्यायचा, फळ्या कितव्या दिवशी लावायच्या, सगळं तपशीलवार.

पण आता बघा हं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही मुलांना एक सवय लावायचो. ग्रंथात काय म्हटलंय ते वाचायचं, आणि मग काय गृहीत धरलंय ते शोधायचं. या ग्रंथांत काय गृहीत आहे? रोगी वैद्यासमोर आलेला आहे, हे गृहीत आहे. तो कुठे पडला, तिथे जवळ कोण होतं, त्यानं त्याला कसं उचललं, कशावर घातलं, किती कोस आणलं, याबद्दल ग्रंथ फारसं बोलत नाहीत. ग्रंथ सुरू होतो तो दवाखान्याच्या दारात. आणि माणूस मरतो, किंवा मरण्याच्या वाटेला लागतो, तो दारापर्यंतच्या रस्त्यात. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे. हाड बसवण्याचा इतिहास फार जुना आहे. बसवण्याआधी, पडल्या जागीच, हाड न हलू देण्याचा इतिहास मात्र अगदी तरुण आहे.

या तरुण इतिहासातला एक प्रसंग १७५६ सालचा. लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट नावाचे नामांकित सर्जन घोड्यावरून जात होते. जानेवारीचा महिना, कडाक्याची थंडी. घोड्यानं त्यांना पाडलं. पाय मोडला आणि हाड कातडी फोडून बाहेर आलं. त्या काळी असा पाय म्हणजे बहुधा कापायचाच. लोक धावले, उचलायला लागले. पॉट म्हणाले, हात लावू नका. त्यांनी मेणा वाहणारे दोन भोई बोलावले, मेण्याचे दांडे घेऊन या म्हणून निरोप धाडला. तोवर त्या गारठलेल्या फरशीवर ते पडून राहिले. पडल्या पडल्या त्यांनी काय केलं? एक दार विकत घेतलं. भोयांकडून ते दांडे त्या दाराला खिळ्यांनी ठोकून घेतले, स्वतःला त्यावर ठेववलं, आणि मग लंडन ब्रिज ओलांडून घरापर्यंत त्यांना नेण्यात आलं. घरी सर्जन जमले, पाय कापायचं ठरलं, हत्यारं तयार झाली. तेवढ्यात त्यांचे जुने गुरू एडवर्ड नर्स आले आणि त्यांनी पाय वाचवून बघू म्हटलं. पाय वाचला.

सुश्रुताचं कपाट आणि पॉटचं दार. वस्तू तीच. फरक आहे तो दार कुठे आलं याचा. सुश्रुताची फळी उपचाराच्या जागी आहे, पॉटची रस्त्यावर. पॉट यांनी रस्त्यालाच उपचाराची जागा केलं. पण एक अडचण राहतेच ना? पडणारा आणि जाणणारा हे दोघं त्या दिवशी एकच होते. पॉट स्वतः सर्जन नसते, तर धावून आलेल्या भल्या माणसांनी त्यांना खांद्या-पायाला धरून उचललं असतं आणि गाडीत घातलं असतं. सद्हेतूनंच घातलं असतं! म्हणजे प्रश्न पुढे सरकतो. ही विद्या त्या रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोचवायची कशी?

याला उत्तर मिळायला आणखी शंभरावर वर्षं गेली. १८७७ साली इंग्लंडमध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली. लष्करी सर्जन पीटर शेपर्ड यांनी वुलिच इथे सामान्य नागरिकांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग घेतले. जानेवारी १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत इसांडलवानाच्या लढाईत ते मारले गेले. तोच धागा धरून जर्मनीत कील शहरात फ्रीडरिख फॉन एस्मार्ख यांनी १८८२ साली तशीच शाळा काढली. एस्मार्ख यांच्या नावाशी एक साधी वस्तू जोडली गेली आहे, तिकोनी पट्टी. चौकोनी कापड तिरकं कापलं की दोन पट्ट्या होतात. गळ्यात अडकवली की हाताची झोळी, घडी घातली की बांधायची पट्टी. लष्करात, खाणीत, रेल्वेत ही पट्टी आणि तिच्याबरोबरची चार वाक्यं शिकवली जाऊ लागली. वैद्यकाच्या हजारो वर्षांच्या विद्येतला एक लहानसा तुकडा वैद्याच्या हातून सुटून खाणकामगाराच्या हातात आला, आम्हाला ही घटना फार मोठी वाटते.

आता या इतिहासातल्या सर्वांत विलक्षण माणसाकडे येऊ. ह्यू ओवेन थॉमस, लिव्हरपूल, जन्म १८३४. घराणं वेल्समधलं, पिढीजात हाडवैद्यांचं. वडिलांकडे वैद्यकाची पदवी नव्हती, त्यामुळे डॉक्टर लोक त्यांच्यावर खटले भरायचे. वडिलांनी मुलाला रीतसर डॉक्टर केलं. मुलगा गोदीतल्या हमालांवर आणि खलाशांवर उपचार करू लागला. त्याचा एकच आग्रह: विश्रांती. सक्तीची, अखंड आणि पुरेशी लांब. त्यानं लोखंडाची एक साधी चौकट बनवली. जांघेत बसणारं कडं, पायाच्या दोन बाजूंनी दोन सळ्या, खाली आडवी जोड. पाय या चौकटीत घालून खालच्या टोकाला ताणून बांधायचा. १८७५ साली त्यानं ती पुस्तकात मांडली. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८९१ मध्ये तो गेला.

लक्ष दिलं ते त्याच्या पत्नीच्या भाच्यानं, रॉबर्ट जोन्स यांनी. १८८७ साली मँचेस्टरच्या जहाज-कालव्याचं काम निघालं. छत्तीस मैलांचा कालवा, हजारो मजूर, रोजचे अपघात. जोन्स यांच्याकडे वैद्यकीय व्यवस्था आली. त्यांनी काय केलं? कामाच्या वाटेवर तीन रुग्णालयं आणि त्यांच्या मधे प्रथमोपचाराची ठाणी मांडली. दवाखाना जखमीकडे सरकवला.

मांडी मोडल्यावर माणूस मरतो कसा, हे इथे सांगायला हवं; त्याशिवाय थॉमसच्या चौकटीची किंमत कळत नाही. मांडीचं हाड मोडलं की भोवतीचे जाड स्नायू आवळतात आणि हाडाची दोन टोकं एकमेकांवर चढवतात. मांडी आखूड होते, फुगते. त्या फुगलेल्या जागेत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकतं. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असतं पाचएक लिटर. बाहेर थेंब दिसत नाही आणि माणूस आतल्या आत पांढरा पडत जातो. प्रत्येक हादऱ्याला हाडाचं टोक स्नायूत फिरतं, नवं रक्त, नवी वेदना. पाय ताणून धरला की स्नायू लांबतात, जागा आकसते, टोकं शांत होतात. चौकट हे काम करत होती.

आणि हादऱ्यांचं काय होतं, ते पहिल्या महायुद्धात दिसलं. इथे आपला संबंध येतो. नोव्हेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, बगदादच्या अलीकडे टेसिफोनला लढाई झाली. लढत होती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची मुलं. जखमींना रणांगणातून नदीपर्यंत न्यायला होत्या बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्या. मोडलेल्या पायांची माणसं त्या गाड्यांतून दगडाधोंड्यांवरून नेली गेली. मग बोटीवर खच्चून भरून कित्येक दिवस बसऱ्याच्या दिशेनं. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या मेजर कार्टर यांनी बसऱ्याला ती बोट आलेली पाहिली आणि वरिष्ठांची नाराजी पत्करून कळवलं. मोडलेल्या पायाला व्हिस्कीच्या खोक्याच्या फळ्या बांधलेल्या त्यांनी पाहिल्या. ज्यानं कुणी त्या बांधल्या, त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. त्याला आम्ही दोष देणार नाही. दोष होता तो वाटेचा विचार न करता फौज पुढे ढकलणाऱ्यांचा. चौकशी आयोगाचा अहवाल १९१७ साली आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. पण गाडीत हाडं घासत गेलेल्या मुलांच्या घरी आली ती बहुधा नुसती तार.

त्याच १९१७ सालच्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये आरासची लढाई झाली. तोवर रॉबर्ट जोन्स आणि त्यांच्या विचाराच्या सर्जननी थॉमसची चौकट पार पुढच्या फळीपर्यंत पोचवली होती. स्ट्रेचर वाहणाऱ्या शिपायांकडून कवायतीसारखा सराव करून घेतला जात होता. डोळ्याला पट्टी बांधून, कारण रात्री अंधारातच हे काम करायचं असे. बूट काढायचा नाही, पँट काढायची नाही, आहे तसाच पाय चौकटीत घालायचा, बुटाला दोर बांधून ताणायचा आणि मगच उचलायचं. युद्धाच्या सुरुवातीला मांडी गोळीनं फुटलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मरत. काही सर्जननी तर ऐंशी टक्क्यांचा आकडा दिला आहे. आरासला अशा १००९ जखमींची नोंद हेन्री ग्रे यांनी केली. मृत्यू १५.६ टक्के. जखमा लवकर साफ करणं, शॉकवरचे सुधारलेले उपचार, यांचाही त्यात वाटा होता; सगळं श्रेय एका लोखंडी चौकटीला देणं बरोबर नाही. पण ती चौकट डॉक्टरनं नव्हे, हमालीचं काम करणाऱ्या शिपायानं, उचलण्याआधी लावली होती. आमच्या लेखी सगळा इतिहास या ‘आधी’ शब्दात आहे.

मंडळी, हे सगळं आता इतिहासजमा झालं का? महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका आहेत, ही मोठीच सोय झाली. पण सातपुड्यातल्या, पालघर-गडचिरोलीतल्या कित्येक पाड्यांवरून डांबरी रस्त्यापर्यंत माणूस आजही बांबूला बांधलेल्या झोळीतून येतो. सह्याद्रीतल्या एखाद्या घळीत पाय घसरलेल्या मुलापर्यंत मदत पोचायला संध्याकाळची सकाळ होते. झोळी ही खांद्यावर वाहायला उत्तम, पण ती मधे खोलगट होते आणि आतला माणूस कमरेत दुमडतो. मांडी मोडलेली असेल तर ती तिथेच दुमडते. म्हणून झोळीत माणूस घालण्याआधी पाय बांधला पाहिजे, आणि दार, फळी, शिडी, बाज, जे काही सपाट सापडेल ते घेतलं पाहिजे. पॉटचं दार आपल्या पाड्यावरही आहे.

तेव्हा ऐका. आधी जागा बघा. दरड किंवा गाड्यांचा धोका असेल तरच लगेच हलवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरा. हाड बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नका, त्याच्या कडेनं दाबा, वर कापड झाका. मान किंवा पाठ दुखते म्हणाला, हातापायाला मुंग्या आल्या म्हणाला, तर डोकं स्थिर धरून ठेवा. मदत येईपर्यंत त्याला बसवू नका. हात किंवा पाय जसा आहे तसाच आधार द्या, खेचून सरळ करू नका. थॉमसची चौकट शिकलेल्या माणसासाठी होती. आपण ओढाओढ करायची नाही. कामट्या, काठी, गुंडाळलेलं वर्तमानपत्र, काहीही चालेल. मात्र मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे बांधले गेले पाहिजेत. मधे मऊ कापड घाला, गाठ मोडल्या जागेवर नको. पायाला काहीच मिळालं नाही तर मधे घोंगडी घालून तो चांगल्या पायाला बांधा. सूज चढण्याआधी अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी बोटं बघा. गार पडली, निळसर झाली, बधिर झाली, तर पट्टी लगेच सैल करा. सुश्रुतानं आवळपट्टीबद्दल बजावलं होतं ते उगाच नव्हे. कामट्या करकचून बांधल्यानं हात काळे पडून कापावे लागले, असं आजही घडतं.

आणि चोळायचं नाही. आपल्याकडे मुरगळलं की चोळ, हा घरोघरचा मंत्र आहे. आजीच्या हातात माया असते, पण मोडलेल्या हाडाला त्या क्षणी चोळणं सोसत नाही. दुसरं, पडलेल्याला चहा पाजायची घाई नको, खायला तर नकोच. पुढे भूल द्यावी लागेल. वाट अनेक तासांची असेल, माणूस शुद्धीवर असेल आणि उलटी होत नसेल, तर पाण्याचे घोट पुरेत. अंगावर पांघरूण घाला, त्याच्याशी बोलत राहा.

मदतीला थांबलं तर पोलिसांचं लचांड मागे लागेल, ही भीती अजून ऐकू येते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक केलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं ते मोटार वाहन कायद्यातही आलं. रस्त्यावरच्या अपघातात सद्हेतूनं मदत करणाऱ्याला आज कायद्याचं पाठबळ आहे. हे चार जणांना सांगा.

शेवटी त्या चौदा वर्षांच्या इजिप्शियन मुलीबद्दल एक शब्द. तिच्या पट्ट्या कुठे बांधल्या गेल्या, पडल्या जागी की घरी उचलून आणल्यावर, हे त्या सांगाड्यावरून कळत नाही. त्या बांधणाऱ्या हातांना हाड कळत होतं आणि मायाही होती. आपल्याला त्यांच्यापेक्षा फार जास्त कळतं असंही नाही. साडेचार हजार वर्षांत आपण त्यात एक गोष्ट मिळवली आहे: धावत जायचं, आणि पोचल्यावर घाई करायची नाही. उचलण्याआधी थांबायचं, बघायचं, बांधायचं. हे शिकायला डॉक्टर व्हावं लागत नाही, आणि जो डॉक्टर वीस कोसांवर आहे त्याचं निम्मं यश त्या थांबण्यावर अवलंबून असतं.